शेराचं कुंपण

१२ जून. परसातली शेराची ओळ काढून टाकायची आहे. त्या जागी काय लावायचं हे ठरलेलं नाही. म्हणून सकाळी ओळखीच्या घरांतून कोयनेल, मेंदी आणि करवंदाची एकेक डहाळी आणून पिशवीत घातली. पडेगावच्या मावशींकडे न्यायला.

मावशी झाड ओळखायच्या ते चाखून. पान चुरगाळायचं, नाकाशी धरायचं, जिभेला टेकवायचं आणि लगेच थुंकायचं. "कण्हेर आन शेर सोडून सगळं चाखलंय म्या," असं सांगायच्या. उमेदीची सगळी वर्षं त्या एका रोपवाटिकेत खुरपत होत्या. नंतर आमच्या वसाहतीतली घरोघरची कुंपणं छाटायच्या.

मी पहिल्यांदा जास्वंदीची रोपं आणली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "लई ग्वाड दिसंल ताई. पर तुमच्या मागं शेळ्या हायेत. त्या म्हनतील, नाष्टा आला." चार दिवसांत काड्या उरल्या.

त्यांचं एक म्हणणं होतं. "कुंपन निवडताना आधी इचारायचं, छाटनार कोन? मंग झाड." त्यांनी करवंद सुचवलं होतं. पण करवंद भरायला वर्षं लागतात आणि मला थांबायची सवय नाही. शेराची कांडी खोचली की रुजते, पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही. मी शेर लावला. छाटणार कोण, हे विचारायची गरज वाटली नाही. छाटणार त्याच होत्या.

"ह्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो ताई."

"मग जपून छाटा."

त्या जपायच्याच. हाताला तेल, तोंडाला पदर. आधी मूठभर माती सोडून वाऱ्याची दिशा बघायच्या आणि वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला. सगळं काम उजव्यावर चालायचं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मावशींनी माती सोडली आणि मान हलवली. "आज वारं फिरतंय. परवा येते."

"पाहुणे उद्या आहेत मावशी. अर्ध्या तासाचं काम आहे."

त्यांनी पदर बांधला. मी आत पोह्यांची तयारी करत होते, तेव्हा ओरडणं ऐकू आलं. डोळा नळाखाली धरला, रिक्षानं दवाखान्यात नेलं, औषधं आणली. हे सगळं मी नीट केलं. बुबुळ जळालं ते जळालंच. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. परसात कुणी डोकावलंही नाही.

आज दुपारी त्या दारात बसल्या होत्या. "कोन?"

"मी ताई."

डहाळ्या त्यांच्या हातात दिल्या. मला वाटलं होतं, डोळे गेले तरी नाक आहे, जीभ आहे. त्या सांगतील, मी लावीन आणि काहीतरी थोडं भरून येईल. त्यांनी पान चुरगाळलं नाही. तिन्ही डहाळ्या उंबऱ्यावर ठेवून दिल्या.

"भिंत बांधा ताई. झाडाचं मला नका इचारू."

"रागावलात?"

"रागावून कुनाला दाखवू? म्या सांगितलं व्हतं, तुमी ऐकलं नाय. झालं." मग म्हणाल्या, "सून शेंद्र्याला कंपनीत गेलीय. च्या प्यायचा आसंल तर तुमालाच करावा लागंल."

केला. कप त्यांच्या बोटांत अडकवून दिला. फुंकर न घालताच त्यांनी घोट घेतला आणि तोंड भाजलं.

१३ जून. सकाळी मुलीचं हेल्मेट घातलं, काच खाली ओढली आणि शेर मी स्वतः मुळासकट काढला. मजूर मिळत होता. पण दुसऱ्या कुणाला हे काम सांगवलं नाही. नऊ वाजता हात धुऊन गवंड्याला फोन केला.