बॉबिनवाल्या बाई परिषदेला जातात

माझ्या आत्याने अठ्ठावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त केली. कपडे शिवणाऱ्या बायका तिथे अडीचशे होत्या, पण दुरुस्तीच्या खोलीत बाई एकटी आत्याच. पहिल्या दिवशी तिथल्या मुकादमाने तिच्या हातात फडकं दिलं आणि स्टुलं पुसायला सांगितलं. तिने एकच स्टूल पुसलं, त्यावर बसली, आणि तीन दिवस बंद पडलेलं एक मशीन दुपारच्या चहाच्या आत चालू करून दिलं. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगत नाही. काका सांगतात, म्हणजे तिचे यजमान, आणि दर वेळी एखादा दिवस वाढवून सांगतात. सध्या ते मशीन अकरा दिवस बंद होतं.

निवृत्त झाली तरी तिचे फोन थांबेनात. सुई मोडते, टाके सुटतात, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. आत्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायची आणि तिकडे गॅसवरचं दूध उतू जायचं. शेवटी मी म्हटलं, "आत्या, एकदाच लिहून ठेव ना. ज्याला हवं तो वाचेल." आणि एका सुट्टीच्या दिवशी बसून तिला इंटरनेटवर एक फोरम उघडून दिला. फोरम म्हणजे काय, तर कारखान्यात पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून सगळे बोलायचे ना, तसंच, फक्त लिहून. नाव तिनेच सुचवलं, 'मशीन अडलंय'. आता त्याला अकरा वर्षं झाली. शिंपी, गृहिणी, कारखान्यांतले मेकॅनिक, माळ्यावरून आजीचं मशीन काढून पुसत बसलेल्या मुली, असे सहा हजारांवर सभासद तिथे जमलेत.

सकाळी आंघोळ झाली की आत्या कॉम्प्युटरपुढे बसायची ती जेवणाला उठायची. जेवून पुन्हा. काका म्हणायचे, "तुझी आत्या झोपायला तेवढी इथे येते. नांदायला तिकडे." एकदा एका बाईंनी लिहिलं, 'खूप टेन्शन आहे हो ताई, काय करू?' आत्याने लगेच उत्तर दिलं, 'दोऱ्याचा ताण ठरवणारा वरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा.' बाईंनी लिहिलं, 'मशीनचं नाही हो, सासूचं.' आत्याने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'मग तिथेही अर्धाच फेरा.'

फोरमवर उत्तरं देणारे आणखीही होते. 'तेलाची कुपी' असं नाव घेतलेला एक सभासद तर सहा वर्षं रोज हजर असायचा आणि त्याचं उत्तर क्वचितच चुकायचं. पण कुणीही काहीही सांगितलं, तरी विचारणारा स्क्रूला हात लावायचा नाही. खाली आत्याचं 'बरोबर' येईपर्यंत तो थांबायचा. आत्यानेच ती सवय लावली होती. प्रत्येक उत्तर वाचायचं, चूक असलं तर दुरुस्त करायचं, नसलं तर खाली लिहायचं, 'बरोबर.' कुपीलाही. 'बरोबर आहे रे बाळा, पण आधी सुई बदलायला सांग.'

या सगळ्यात तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. आत्या म्हणाली, "पंधरा दिवस स्क्रीन बघायची नाही म्हणे. मग लोकांनी काय करायचं?" तिने ऑपरेशन पुढे ढकललं आणि अक्षरं मोठी केली. मग आणखी मोठी. शेवटी शेवटी स्क्रीनवर चारच शब्द मावायचे आणि मी मागून गेले की मला वाटायचं, घरात कुणीतरी निवडणुकीचा फलक लावलाय.

अशात तिला एक मेल आला. शेजारच्या शहरात फोरम चालवणाऱ्यांची दोन दिवसांची परिषद होती. आत्याने मेल वाचला आणि म्हणाली, "भाषणं ऐकायला कोण जातंय! माझ्या इथे माणसं खोळंबलीत." मी तिला येणाऱ्यांची यादी वाचून दाखवत होते. मध्येच तिने मला थांबवलं. "हे काय म्हणालीस? पुन्हा वाच." तिचा फोरम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते बनवणाऱ्या कंपनीची माणसं तिथे येणार होती.

"गाडीची तिकिटं काढ," आत्या म्हणाली.

त्याचं कारण असं की या कंपनीशी तिचं जुनं भांडण होतं. फोरमवर काही शोधायचं असेल तर वर एक चौकट आहे, तिच्यात शब्द लिहायचा. आता खालच्या दोऱ्याची ती छोटी रिळं, बॉबिन, हा शब्द लोक कसा लिहितील याचा नेम नाही. बॉबीन, बोबिन, बाबीन, बॉबींग. चौकटीला मात्र एकच रूप कळायचं. मग लोकांना जुनी उत्तरं सापडायची नाहीत आणि तोच प्रश्न पुन्हा यायचा. आत्याने कंपनीला सतरा मेल पाठवले होते. एका मेलमध्ये तर बॉबिन लिहिण्याच्या तेवीस तऱ्हा तिने हाताने टाईप करून दिल्या होत्या. दर वेळी उत्तर यायचं, आपली सूचना नोंदवून घेतली आहे.

परिषदेच्या दाराशी आम्हाला गळ्यात अडकवायची कार्डं मिळाली. अर्जात 'संस्था' या रकान्यात आत्याने 'घर' लिहिलं होतं, तेच तिच्या कार्डावर छापून आलं. ती वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत बसली. जाहिराती कशा मिळवाव्यात, सभासद कसे वाढवावेत, अशी भाषणं झाली. तासाभराने मी डोकावून बघितलं तर वहीत एकच ओळ होती. 'इथल्या पडद्यांची शिलाई उसवली आहे.'

चहाच्या सुट्टीत आम्ही कंपनीचं टेबल शोधलं. तिथे पन्नाशीचे एक गृहस्थ दुखऱ्या कमरेला पट्टा बांधून ताठ बसले होते. आत्या पदर खोचूनच गेली होती. "मी 'मशीन अडलंय'ची," एवढंच ती म्हणाली आणि गृहस्थ कमर विसरून उभेच राहिले.

"म्हणजे बॉबिनवाल्या बाई? तुम्ही?" ते मागे वळून ओरडले, "अगं, इकडे ये! बॉबिनवाल्या बाई आल्यात!" मागून त्यांच्याच कंपनीतल्या एक बाई धावत आल्या. ते आत्याला सांगू लागले, "तुमची ती तेवीसची यादी आमच्या ऑफिसात भिंतीवर लावलीय. येणारा-जाणारा प्रत्येकजण वाचतो."

"भिंतीवर लावून काय उपयोग?" आत्या म्हणाली. "चौकटीत लावा."

"बाई, खरं सांगू का? आम्हाला वाटायचं, असं वर्षातून एखाद्याचं होत असेल."

आत्याने खुर्ची ओढून त्यांच्या कॉम्प्युटरपाशी ठेवली. "बसा. तुम्ही आता शिंपी आहात. मशीनखाली गुंता झालाय. गिऱ्हाईक दारात उभं आहे, संध्याकाळी त्याला तेच कपडे घालून कार्यक्रमाला जायचंय. शोधा."

गृहस्थांनी 'बोबिन' लिहिलं. काही नाही. 'बॉबीन' लिहिलं, तीन उत्तरं आली, तिन्ही मशीनच्या पट्ट्याबद्दलची. 'बॉबिंग' लिहिलं, काही नाही. चौथ्या वेळी त्यांनी बरोबर लिहिलं आणि चारशे उत्तरं आली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"गिऱ्हाईक गेलं," आत्या म्हणाली.

त्यांनी खिशातून डायरी काढली आणि आत्याचं बोलणं अर्धा तास लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी शोध सुधारला, हे इथेच सांगून टाकते. सतरा मेलांत जी अडचण त्यांना दिसली नव्हती, ती त्या खुर्चीवर बसल्यावर दिसली. जाताना आत्याने त्यांना कमरेसाठी खुर्ची दोन बोटं उंच करायला सांगितली, कारण कारखान्यात अडीचशे बायकांच्या खुर्च्या तिनेच बसवून दिल्या होत्या.

माझ्या मते आमचं काम झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी आमच्या टेबलावर काठी टेकत एक आजोबा येऊन बसले. ते घरातल्या काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांचा फोरम चालवत होते. आत्याने सूप पितापिता सवयीने विचारलं, "रोज किती वेळ देता?"

"आधी दहा तास द्यायचो. आता एक."

आत्याने चमचा खाली ठेवला. "मग उत्तरं कोण देतं?"

"त्याची मजाच झाली," आजोबा म्हणाले. "मागच्या वर्षी शिडीवरून पडलो. पाय मोडला, सहा आठवडे दवाखान्यात. कॉम्प्युटर नाही, काही नाही. मला रोज वाटायचं, घराघरांतून मासे मरत असतील. घरी आलो, लंगडत आधी फोरम उघडला. बघतो तर सगळं व्यवस्थित! लोकांनी एकमेकांना उत्तरं दिलेली, दोघांनी भांडणं सोडवलेली. मला इतका राग आला की दोन दिवस बायकोशी बोललो नाही."

"तिचा काय दोष?" आत्या म्हणाली.

"काहीच नाही. घरात तीच होती." आजोबा हसले. "मग मीच त्या दोघांच्या हातात फोरमच्या किल्ल्या दिल्या, म्हणजे चूक उत्तर काढायचा, भांडण मिटवायचा अधिकार. बाई, आपण बाक टाकलाय हो. लोक येऊन बसतात, बोलतात. प्रत्येकाशी बाकानेच बोलायला पाहिजे असं थोडंच आहे?"

आत्याने वही उघडली. तिचं सूप गार झालं. दुपारच्या एकाही भाषणाला ती बसली नाही, त्या आजोबांबरोबर बाहेरच्या पायरीवर बसून विचारत राहिली. किल्ल्या द्यायच्या म्हणजे नेमकं काय? चूक झाली तर? कुणी आगाऊपणा केला तर? कोणाला द्यायच्या हे कसं ठरवलंत? आजोबा प्रत्येक प्रश्नाला आपली फजिती सांगत होते आणि आत्या वहीत लिहीत होती. त्या एका दुपारी सहा पानं भरली. मला तेव्हा कळलं की अकरा वर्षांत तिला या कामाबद्दल विचारायला तिच्यासारखं एकही माणूस मिळालं नव्हतं. आम्ही घरचे होतो, पण आम्ही आपले, 'पुरे आता, ऊठ' एवढंच म्हणणारे.

परतीच्या गाडीत निम्मा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्या कुपीचा नंबर आहे का गं कुठे?"

नंबर त्याने नाव नोंदवताना दिलेला होता. मी लावून दिला आणि फोन दोघींना ऐकू येईल असा धरला.

"हॅलो, कुपी का? मी 'मशीन अडलंय'ची बोलतेय. हे बघ बाळा—"

"बोला ताई," पलीकडून आवाज आला. तो आवाज इतका थरथरता आणि म्हातारा होता की आत्या थांबलीच.

"तुम्ही... आपलं वय काय?"

"शहात्तर चालू आहे. मोज्यांच्या कारखान्यात मेकॅनिक होतो."

आत्या एकोणसत्तर वर्षांची. तिने कपाळाला हात लावला. "अहो, मग सहा वर्षं मी तुम्हाला बाळा म्हणतेय! सांगायचं नाही का?"

पलीकडे ते हलकेच हसले. मग ते म्हणाले, "मला बाळा म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही ताई. सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता."

आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं. मग ऐक बाळा, एक काम आहे."

महिन्याभरात तिने कुपीला आणि फोरमवरच्याच शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना किल्ल्या दिल्या आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. काकांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. सात दिवस तिने एक शब्द विचारला नाही. आठव्या दिवशी मी डोळ्यात औषध घालत होते तेव्हा म्हणाली, "वाच जरा. काय काय बिघडवलंय बघू."

मी वाचलं. एकाने दोऱ्याच्या गुंत्यावर चुकीचं उत्तर दिलं होतं. दुसऱ्याने ते दुरुस्त केलं होतं. त्याखाली कुपीचा एकच शब्द होता, 'बरोबर.'

"आणि विचारणाऱ्याने काय केलं?"

"मशीन चालू झालं म्हणून लिहिलंय."

"कुपीने माझ्यासाठी थांबा वगैरे काही नाही लिहिलं?"

"नाही."

"हं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा जरा पडला, मग सरळ झाला. "थेंब बाहेर गेला. पुन्हा घाल."

पुढे उजव्या डोळ्याचंही झालं. आता ती फोरमवर सकाळचे दोन तास असते. उरलेल्या वेळाचं काय करायचं हा तिला काही दिवस मोठाच प्रश्न पडला होता. मग तिने एक गोष्ट कबूल केली, जी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. जन्मभर मशीनं दुरुस्त केली, पण चाचणीसाठी चिंधीवर मारलेल्या सरळ रेघेपलीकडे तिने कधी काही शिवलंच नव्हतं. तिला शिवता येत नव्हतं. तिने फोरमवर नव्या नावाने खातं उघडलं आणि नवशिक्यांच्या विभागात प्रश्न विचारला, 'शर्टाची कॉलर कशी बसवतात?' एकवीस जणांनी उत्तरं दिली. एकाने लिहिलं, 'ताई, आधी मशीनची नीट ओळख करून घ्या.' तिने त्याचे आभार मानले.

मागच्या आठवड्यात काका बाजारात भेटले. निळा शर्ट घातला होता, कॉलर एका बाजूला चांगली बोटभर उंच. मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "तुझ्या आत्याने शिवलाय," आणि मला नीट दिसावा म्हणून भाजीच्या दुकानापुढे सावकाश गोल फिरले.