तिच्या गळ्यातली वीणा

माझा स्वभाव तापट. भजनी मंडळात टाळही माझाच जोरात आणि तोंडही. पण ती पहिल्यांदा आमच्याकडे मदत मागायला आली, तेव्हा नेमकी मी गोड बोलत बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

ती आमच्याच मंडळातली. नवरा माळकरी, पखवाज असा वाजवायचा की ऐकायला भवानीनगरची माणसं यायची. घरी तोच हात बायकोवर चालायचा. त्याने तिचं मनगट मोडलं, तेव्हा आम्ही त्याला देवळात बोलावलं. सप्ताहाचं सगळं पाहणारे म्हातारे तात्या मध्ये बसले. त्याने गळ्यातली माळ मुठीत धरली आणि म्हणाला, "पुन्यांदा हात उचलनार न्हाय." माळेची शपथ घेतली की आमच्याकडे विषय संपतो. आम्ही तिच्या धड हातात हिरव्या बांगड्या भरल्या, नारळ घालून ओटी भरली आणि तिला घरी पोहोचवून आलो. एक संसार वाचवला, असं मी वाटेत म्हणालेसुद्धा. कसला वाचवला! शेळी आपल्या हातानं वाघाकडे सोडून आलो होतो.

यंदाच्या सप्ताहाचा पाचवा दिवस. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. दुपारचा पहारा बायकांचा, चारनंतर पुरुषांचा. मी वीणा घेऊन उभी होते. चारला पाचेक मिनिटं कमी असताना ती अनवाणी पळत आली. ओठ फाटलेला, कानातून रक्त.

"ताई, मला घरी धाडू नका," ती म्हणाली. "आता गेले तर मी जित्ती ऱ्हात न्हाय."

बाहेर त्याची मोटारसायकल थांबली. मला काय सुचलं कोण जाणे, मी गळ्यातली वीणा काढून तिच्या गळ्यात घातली आणि तिच्या पाया पडले. मागून एक म्हातारी कुजबुजली, "अगं, पारुशी हाय ती."

"पांडुरंगाला चालती," मी म्हणाले.

तो आत आला आणि थबकला. विणेकऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. ती समोर बघत उभी होती. वीणेची तार मधूनच वाजत होती.

"चल घरी," तो हळू म्हणाला.

तात्या खांबाला टेकून बसले होते. "वीना हाय तिच्या गळ्यात."

"मग द्या की माझ्याकडं. चारचा पहारा माझाच हाय."

फळ्यावर खरंच त्याचं नाव होतं. घड्याळात चारला दोन मिनिटं कमी. मला वाटलं, बायकोच्या पाया पडायचं म्हटल्यावर हा अडेल. तो अडला नाही. टोपी सारखी करून, हात जोडून तो पुढे आला. वाकणं त्याला जड नव्हतंच, जन्मभर तो वाकतच आला होता. वीणा गळ्यातून गेली की बायको त्याच्या हातात, आणि आडवं जायला आमच्यापाशी नियम नव्हता.

ती एक पाऊल मागे सरकली. "मी न्हाय देनार," ती म्हणाली.

टाळ थांबले. तात्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, फळ्यापाशी गेले आणि धोतराच्या सोग्याने त्याचं नाव पुसलं. "तुझा पहारा न्हाय. ह्या देवळात इथनं पुढं तुझा पखवाज बी न्हाय."

तो तात्यांवर धावला नाही. बायका उठून मध्ये उभ्या राहिल्या होत्या, मघाची म्हातारीसुद्धा. त्याने आम्हा सगळ्यांना एक शिवी हासडली आणि तो निघून गेला. म्हातारीने तिच्याकडून वीणा घेतली, तिच्या पाया पडली आणि पहाऱ्याला उभी राहिली. आम्ही चौघी तिला जीपमध्ये घालून आधी दवाखान्यात आणि मग पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. तात्या न विचारता पुढे चढून बसले.

ठाण्यातला हवालदार वाईट नव्हता. कंटाळलेला होता. पेन खाली ठेवून तो म्हणाला, "आजोबा, तुमी जानती मानसं. गावातच बसवून समजूत घालायची की."

तात्यांनी तिला उजेडात पुढे केलं.

"घातली व्हती," ते म्हणाले. "आमी घातलेली समजूतच हाय ही. बघा आन् लिवा."