फ्रान्सच्या झऱ्याचं पाणी आणि माझा जळफळाट

मंडळी, आज दुपारी मी चक्क एका बाटलीभर पाण्यावर जळले.

धाकटी जाऊ शुभदा फ्रान्स फिरून आली आणि एअरपोर्टवरून थेट आमच्या फ्लॅटवर थडकली. सासूबाई आमच्याकडेच असतात. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब मी घालते.

शुभदाने एका जुन्या चर्चमधल्या झऱ्याचं पाणी आणलं होतं. म्हणाली, आधी नुसता झरा होता. त्या पाण्याने एका आंधळ्या मुलीला दिसू लागलं, अशी तिथली कथा. म्हणून आठशे वर्षांपूर्वी त्यावर चर्च बांधलं. पुढे राज्यक्रांतीत चर्चला कुलूप लागलं, तरी गावातल्या बायका मागच्या बाजूने पाणी नेतच राहिल्या.

सासूबाई भान हरपून ऐकत होत्या. "माझ्या डोळ्यांसाठी एवढ्या लांबून आणलंस गं!" म्हणत त्यांनी बाटली उघडली.

"डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!" मी ओरडलेच. सांगणं खरं होतं, सूर मात्र जळका होता.

शुभदा माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली. "ताई, आई माझ्या घरी आठ दिवससुद्धा राहत नाहीत. तुम्ही थेंब घालायला उठलात, की त्या आपोआप मान वर करतात. मला हेवा वाटतो तुमचा. मी लांबून पाणी आणण्यापलीकडे काय करणार?"

मला लाज वाटली. मी तिला जवळ घेतलं. पण खोटं कशाला बोलू, आतून सुखावलेसुद्धा. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्हाला नुसती लाजच वाटली असती का?