मिझुहारा तालुक्याच्या कोर्टातल्या नऊ मुली

जयमाला देवस्थळी नाशिकच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. नवऱ्याला, शैलेंद्रला, जपानमध्ये तोक्योतल्या तोयोसुत नोकरी लागली म्हणून ती जवळच्या उरायासुला राहायला आली. नुसतं घरी बसणं तिला जमणारं नव्हतं. जुन्या जपानी कागदांवरचं मोडीसारखं धावतं अक्षर वाचायला ती शिकली. चार वर्षं लागली. त्याच जोरावर डोंगरातल्या मिझुहारा तालुक्याने आपल्या इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम तिला दिलं.

तिथलं शंभर वर्षांचं लाकडी कोर्ट नुकतंच रंगवून पर्यटकांसाठी उघडलं होतं. दर शुक्रवारी ती माळ्यावर बसून दप्तरं वाची. बांधाची भांडणं, जंगलतोड, चोरीची कोंबडी. मग एका वहीत नऊ मुली सापडल्या, रेशमाच्या गिरणीतून पळून आलेल्या. खटला चालवलाच नव्हता. मालक न्यायला येईपर्यंत त्यांना मागच्या कोठीत कोंडलं होतं, ऐन जानेवारीत. तीन दिवसांनी मालक आला तेव्हा आठच जणी उरल्या होत्या. नववीच्या नावापुढे ‘थंडी’ एवढंच लिहिलं होतं. वय तेरा.

जयमाला खाली आली. त्याच कोठीत कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे भाड्याने मिळत होते, आणि लोक गजांआडून जिभा काढून फोटो काढत होते.

तिने सगळं लिहून कचेरीतल्या मोरिता-सानना दिलं. ते हसतमुखाने म्हणाले, “फार छान लिहिलंय, देवस्थळी-सान. पण हे पान काढू या.”

“खोटं आहे का ते?”

“नाही, नाही. पण गिरणीवाल्यांच्या नातवानेच कोर्टाचं छप्पर दुरुस्त करून दिलंय. त्यांना वाईट वाटेल.”

त्या मुलींच्या घरच्यांना काय वाटेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्या गुळगुळीत हसण्याची तिला किळस आली.

पुस्तिका तिला न विचारताच त्या पानाशिवाय छापली गेली, वर लेखिका म्हणून जयमालाचं नाव. “जाऊ दे ना, कोण वाचतंय!” शैलेंद्र म्हणाला. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. मग पांढऱ्या चिकटपट्ट्या घेऊन मिझुहाराला गेली आणि आठशे प्रतींवरचं आपलं नाव एकेक करून झाकलं. मोरिता-सान शेजारी उभं राहून पुन्हापुन्हा माफी मागत होते. तिने मान वर केली नाही.

नऊ जणींची तिने लिहिलेली हकिगत पुढे एका विद्यापीठाच्या अंकात आली, नावागावासकट. मिझुहाराने तिला परत बोलावलं नाही. आता ती दुसऱ्या एका तालुक्याचे कागद वाचते. करारावर सही करण्याआधी तिने त्यात एक ओळ स्वतः घातली: मला न विचारता पान काढलंत, तर आधी माझं नाव काढा.