पैसे नुसते पडू द्यायचे होते

इंग्लंडात शिकायला जायचं तर व्हिसा मिळण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते, आणि ती विद्यार्थ्याची नसते, त्याच्या बापाची असते. वर्षभराची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च एवढी रक्कम बापाच्या खात्यात सलग अठ्ठावीस दिवस पडून असली पाहिजे. मधे एक दिवसही ती एका रुपयाने खाली उतरता कामा नये. उतरली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पैसे कुणाला द्यायचे नाहीत, कुठे न्यायचे नाहीत, नुसते पडू द्यायचे. मला वाटलं, यापेक्षा सोपं काम ते काय असणार. आपल्याच घराला मी तेव्हा नीट ओळखत नव्हते.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा बाभुळगावपासून फार लांब नाही. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर लोकांचं मीठ आणि धान्य मुलूखभर वाहून नेलं. आम्ही आता कापूस आणि सोयाबीन पिकवतो, पण एका जागी पडलेली वस्तू आमच्या माणसांना अजून बघवत नाही. ती उचलून कुठेतरी पोचवली पाहिजे असं त्यांना वाटत राहतं. पैसा पडलेला दिसला तर विचारूच नका.

माझ्या फीसाठी बाने, म्हणजे वडिलांनी, यवतमाळचा प्लॉट विकला. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण ती सगळी इथे लिहिली तर वाचक पळून जातील, म्हणून मी सगळ्यांना वऱ्हाडीत बोलायला लावते. बाभुळगावच्या बाजारात आम्ही तीच बोलतो. तर प्लॉटचे पैसे आले ते या बँकेतून त्या बँकेत, फोनवर एक मेसेज वाजवून. बाने तो मेसेज याडीला, माझ्या आईला, दाखवला. तिने फोन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "एवढंच?"

मी दोघांना समोर बसवून नियम समजावला. बाने मान डोलावली. "म्हंजे हात नाही लावायचा," तो म्हणाला.

"अजिबात नाही लावायचा."

"नाही लावत ना. सांगतलं ना तुले."

खरं सांगते, पहिले तीन आठवडे बा एखाद्या पहारेकऱ्यासारखा वागला. सगळ्यात आधी बँकेच्या मॅनेजरनेच त्याला आत बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, एवढी मोठी रक्कम सेव्हिंगमध्ये कायले सडवून राह्यले, एफडी करा, एखादी पॉलिसी घ्या. बाने चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि उठून आला. मग तांड्याच्या नायकाने देवळाच्या स्लॅबचा विषय काढला. पैसे उसने हवे होते, तेही संक्रांतीपर्यंतच. बाने नायकालाही नाही म्हटलं, आणि आमच्याकडे नायकाला नाही म्हणायला फार छाती लागते. शेवटी मुकुटबनहून मामा आला. मामाला हंगामात कापूस घेऊन भाव चढला की विकायचा नाद आहे. भाव चढत नाही ही गोष्ट वेगळी.

"आठ दिवसांसाठी दे भाऊजी," मामा म्हणाला. "तसा बी तो पैसा झोपूनच राह्यला ना."

"झोपू दे त्याले," बा म्हणाला. "त्याले झोपासाठीच ठिवलं हाय."

मला बाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. मी निर्धास्त झाले. इंग्लंडात थंडी किती पडते ते वाचत बसले आणि फोनवर स्वेटरांचे भाव पाहू लागले. चौथ्या आठवड्यात काही कागदांसाठी मला नागपूरला जावं लागलं. तिथून परतले ती थेट दिवाळीच्या अमावस्येला, एसटीत उभ्याने. मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता.

त्या संध्याकाळचं आमच्याकडे एक असतं. तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन निघतात. आधी नायकाच्या घरी जायचं, मग घरोघरी. एकेका मोठ्या माणसाचं नाव घेऊन 'मेरा' म्हणायचं. दिवाळीचा नमस्कारच तो. मग मोठी माणसं ताटात काहीतरी टाकतात. लग्न झालं, गाव सुटलं की हे बंद. त्या वर्षीचा माझा मेरा शेवटचा, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला पुढे केलं होतं. नायकाकडून निघून चार घरं करत आम्ही आमच्या दारात आलो, आणि उंबऱ्याशीच मामाने काठी आडवी धरली.

"दिवे दूर धरा," तो म्हणाला. "एकेकीनं आत या. ओढण्या सांभाळा."

आत पाहिलं तर पाटावर लाल कापड अंथरलेलं आणि त्यावर नोटांची गठ्ठ्यांवर गठ्ठे अशी रास. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. बाजूला पाण्याची बादली. तिच्या बाजूला रेतीचं घमेलं. बादली का, तर दिव्याने नोटा पेटल्या तर विझवायला. मग मामाच्या डोक्यात आलं की पाण्याने नोटा भिजतील, म्हणून देवळाच्या बांधकामावरून रेती आणवली होती. बा नवं धोतर नेसून राशीच्या मागे मांडी घालून बसला होता. इतकं खूश मी त्याला माझ्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

"बा, हे काय हाय?" मी विचारलं.

"लक्ष्मी."

"कोणती लक्ष्मी?"

"तुह्या फीची. पाय पड."

माझा चेहरा पाहून बाला वाटलं की मला हिशेबाची काळजी पडली, म्हणून तो मला धीर द्यायला लागला. "एका बी नोटेले हात नाही लावला म्या. बँकेची चिठ्ठी बी जशीच्या तशी हाय, पाह्य. कॅशिअरले सांगून आलो, सुट्ट्या झाल्या का हेच गठ्ठे परत घेजो, दुसऱ्याच्या पैशात मिसळू नको."

एवढी रोकड बाभुळगावात नव्हतीच. ती तीन-चार दिवस आधी सांगून यवतमाळहून मागवली होती. मॅनेजर हातापाया पडला होता, पण पैसा माझा आणि दिवाळीही माझी, असं सांगून बाने पैसे काढले आणि खताच्या पोत्यात भरून, वर बटाटे टाकून, मोटारसायकलवर मामाला मागे बसवून घरी आणले होते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की खातं रिकामं आहे आणि माझे झालेले सगळे दिवस त्या पाटावर पालथे पडलेत.

पण मागे तांड्याच्या पोरी उभ्या होत्या, बाया येऊन दाटल्या होत्या. मेरा अर्धा सोडता येत नाही. मी बाचं नाव घेऊन मेरा म्हटलं. याडीला म्हणताना मला रडूच फुटलं. बायांना वाटलं, पोरीला घर सोडायचं दुःख होऊन राह्यलं. आधी काकू रडली, मग शेजारीण, मग रांगेत सगळ्याच. याडीने मला जवळ ओढून घेतलं. एवढ्या जणी माझ्यासाठी रडत होत्या आणि मला रेतीचं घमेलं उचलून मामाच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटत होतं.

सकाळी मी भांडले. असं भांडले की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. बाला आधी कळेचना की झालं काय. नियम हात लावायचा नाही असा होता ना, मग हात कोणी लावला? पैसे बँकेत पडून होते तसे घरात पडून होते. बँकेपेक्षा जास्त बंदोबस्तात होते, मामा तर झोपलाही नव्हता. मी म्हटलं, इंग्लंडच्या माणसाला तुझा पाट दिसत नाही, त्याला फक्त खातं दिसतं. तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला.

मग म्हणाला, "प्लॉट गेला तवा एक मेसेज आला. आता तुही फी जाईन तवा अजून एक मेसेज येईन. मंधात म्या काहीच नाही पाह्यलं. दर आयतवारी जाऊन त्या प्लॉटवरचं गवत उपटलं म्या. म्हटलं, जायच्या पह्यले एक डाव डोळ्यानं तं पाहू. अन् तुह्या याडीले दाखवू."

माझा राग गेला नाही, पण तो ठेवायला जागाही उरली नाही. मी विद्यापीठाला मेल लिहायला बसले. आमच्या घरचा प्रकार इंग्रजीत लिहिणं हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात अवघड लेखन होतं. वडिलांनी फीचे पैसे सणासाठी घरी आणले, त्यांची पूजा केली आणि आता ते परत बँकेत जात आहेत, असं लिहिलं. वाचून मलाच ते खोटं वाटलं. चार दिवसांनी उत्तर आलं. मोजणी नव्याने करावी लागेल, जानेवारीत वर्गात हजर होण्याची शेवटची तारीख अमुक आहे, त्यानंतर जागा राहणार नाही. आणि खाली, आपला सण आनंदात गेला असेल अशी आशा आहे. मी तारखांचा मेळ घातला. सगळं सुरळीत झालं तर जेमतेम पोचत होते. आणखी एक चूक झाली असती तर फीचा आधी भरलेला हप्ताही गेला असता आणि जागाही.

गठ्ठे परत गेले आणि दुसरी फेरी सुरू झाली. आता बा दुसऱ्या टोकाला गेला. बँकेच्या रस्त्याने जायचं त्याने सोडूनच दिलं. बाजारात जायला तो मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घ्यायचा. पासबुक त्याने याडीकडे दिलं, तिने ते गव्हाच्या कोठीत टाकलं. एकदा बँकेने मेसेजचे म्हणून काही रुपये कापले, वर थोडे जास्तीचे होते म्हणून निभावलं, तरी बाला घाम फुटला. कापसाचे पहिले पैसे येताच ते सगळे त्याने खात्यात भरले, वरून काही कापलं गेलं तरी खालचं उघडं पडू नये म्हणून. ते भरायलाही स्वतः गेला नाही, मला पाठवलं. एक दिवस जेवता जेवता थांबून त्याने विचारलं, "व्याज पडलं तं ते हात लावल्यात येते काय?"

तांड्यातही बातमी पसरली होती. पूजेला ज्या ज्या जणी रडल्या होत्या त्यांना आता कळलं होतं की पोरगी कशाने रडत होती. त्यांनी हे प्रकरण अंगावर घेतलं. हापशीवर गेलं की पहिला प्रश्न, किती झाले? नायक भेटला की किती झाले? मामा मुकुटबनहून रोज फोन करायचा, कापसाचं नावही काढायचा नाही. याडी तर देव पाण्यात घालून बसली होती. तेवढे दिवस एकदाचे जाऊ दे, एवढंच तिचं मागणं. आम्ही सगळे दिवस ढकलत होतो. सकाळ झाली की एक गेला म्हणून बरं वाटायचं.

आणि ते गेले. त्या सकाळी बाने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि कित्येक दिवसांनी सरळ रस्त्याने माझ्यासोबत बँकेत आला. मॅनेजरने खात्याचा उतारा छापला, प्रत्येक पानावर शिक्का मारला, सही केली. आता हा माणूसही आमच्यातला झाला होता. त्याने उभं राहून माझं अभिनंदन केलं आणि चहा मागवला. मी पानं पुन्हा पुन्हा पाहत होते. एकाही ओळीत रक्कम ठरल्यापेक्षा खाली उतरली नव्हती. आता आजच अर्ज भरायचा, मग व्हिसा, मग तिकीट. मला हसू आवरत नव्हतं.

बाचा मात्र चहा पुढ्यात निवत होता. मग त्याने माझ्याकडे न पाहता मॅनेजरला विचारलं, "साहेब, अठ्ठावीसच्या वर अजून काही दिवस ठिवले, तं काही बिघडते काय?"

"काहीच बिघडत नाही," मॅनेजर म्हणाला. "उलट व्याज मिळेल."

बाने मान हलवली आणि तो कपाकडे पाहत राहिला. इतके दिवस आम्ही माझे घरातले दिवस ढकलत होतो, ते मला तेव्हा कळलं. कळल्यावर मला तिथे, त्या मॅनेजरसमोर, फार रडू आलं. बाने खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, उतारा नीट घडी करून माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "चाल, अर्ज भर. उशीर होते."