चढावरची शाळा

केजच्या तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्या या गृहस्थांनी समुद्र पाहिलेला नाही. मुलगी मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात नर्स म्हणून गेली, तेव्हापासून ते गाव त्यांना गल्लीगणिक पाठ आहे. "आधी डच, मग फ्रेंच, मग इंग्रज. आपल्याकडं निस्ता निजाम," असं ते प्रत्येक अर्जदाराला ऐकवतात.

परवा माझ्यासमोर तिचा फोन आला. तिकडे वादळ होतं, रस्त्यात पाणी शिरलं होतं.

"बंदराकडं जाऊ नको. फ्रेंचांच्या चर्चमागून वर चढ, इंग्रजांच्या शाळेत थांब," ते म्हणाले आणि पुढ्यातला अर्ज लिहू लागले.

अर्ध्या तासानं फोन वाजला. ती शाळेत होती.

अर्जदारानं कागद वाचला. "काका, माझं गाव मॉरिशसमधी कावून लिवलं? मी नांदूरघाटचा हाय."

"असू द्या," ते म्हणाले. "पोचली ती." मग त्यांनी नवा कागद घेतला.