डब्यातला कागद

या गुन्ह्याचा तपास चार दिवसांत संपला आणि मला प्रशंसापत्रही मिळालं. तरी निवृत्तीनंतर मला सुखानं बसू न देणारं प्रकरण कोणतं असं विचारलं, तर मी हेच सांगेन.

तेव्हा मी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीतली काही मुलं शाळा सोडून भटकायची, कोणी मारामारीत तर कोणी किरकोळ चोरीत आमच्याकडे येऊन गेलेलं. एका शिक्षिकाबाईंनी त्यांच्यासाठी दर शनिवारी लेखनाची कार्यशाळा काढली. लिहायचं आणि उभं राहून मोठ्यानं वाचायचं. ठाण्यामागचा हॉल आम्ही दिला. उद्घाटनाला मी छाती काढून बोललो, "इथं जे वाचाल ते इथंच राहील. हा माझा शब्द." टाळ्या पडल्या, फोटो निघाला आणि बंदोबस्ताचं निमित्त सांगून मी सटकलो. वर्ग कसा चालतो हे पाहायला पुन्हा कधी गेलो नाही.

पुढे हद्दीत मोबाईलचं एक दुकान फुटलं. मालक दोन दिवस लग्नाला गेला होता. पंचनाम्याच्या वेळी तो चोरीपेक्षा दुकानातल्या पिंजऱ्याकडेच बोट दाखवत होता. "साहेब, पाखराइले पानी ठेवाचं मी भुललो होतो. वाटी भरेल कशी हाय?" मी ते टिपून घेतलं आणि बाहेर कुठं बोललो नाही. चोरालाच माहीत असेल अशी खूण तपासात फार मोलाची असते.

दोनच दिवसांनी, शनिवारी, हॉलवर ड्युटीला असलेला हवालदार घाईनं केबिनमध्ये आला. "साहेब, त्या फुलवालीच्या पोरीनं आज चोरी वाचून दाखोली. पाखराइले पानी बी पाजलं म्हने!"

ती मुलगी सोळा वर्षांची. आई मोर्णा नदीच्या पुलाजवळ फुलं विकायची. पोरगी एकदा घरातून पळून गेली होती, म्हणून आमच्या यादीत आलेली. पण वाचायची अशी, की हवालदारसुद्धा चहा विसरून ऐकायचा. अमरावतीच्या एका कार्यक्रमात मंचावर वाचायला बाईंनी तिलाच निवडलं होतं.

आईसह तिला बोलावलं. महिला अंमलदार शेजारी होती. हवालदारानं हॉलमधून आणलेला कागद मी टेबलावर ठेवला. जो वाचतो त्याचंच ते म्हणणं, हे माझ्या डोक्यात पक्कं. आयुष्यभर माणसांना जबाब वाचून दाखवले आणि खाली त्यांच्या सह्या घेतल्या, दुसरं काय सुचणार?

"थो कागद माहा नाही," ती म्हणाली. "आमी नाव न टाकता लिहितो, डब्यात टाकतो अन् दुसऱ्याचा उचलून वाचतो. बाईचा नियम हाय."

ठाण्यामागच्या हॉलमधला हा नियम मला त्या दिवशी कळला.

"मग कोणाचा आहे?"

"अक्षर वयखलं मी. पन सांगनार नाही."

"सांगून टाक न वो माय," आई काकुळतीला आली.

"कावून सांगू? साहेबच तं म्हनले होते, इथलं इथंच राहीन."

मला राग आला. खरं तर लाज वाटायला हवी होती. दोन तास मी तिला बसवून ठेवलं, ती एक शब्द बोलली नाही. शेवटी त्या पत्र्याच्या डब्यातले कागद आणि मुलं स्वतः नाव लिहायची तो हजेरीपट ताब्यात घेतले. अक्षर जुळायला अर्धा तास लागला. मुलगा पंधरा वर्षांचा निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी माळ्यावर सगळे मोबाईल सापडले, एकही विकलेला नव्हता. त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर केलं आणि गुन्हा उघडकीस आला.

बाई मला भेटायला आल्या. "शेवटची ओळ वाचलीत का?" मी वाचली नव्हती. पाण्याच्या वाटीपाशीच थांबलो होतो. मी फाईलमधून कागद काढला, त्यांनी शेवटी बोट ठेवलं. 'हे सारं वापस कसं नेऊन देऊ, कोनी तरी सांगा.' येत्या शनिवारी त्यावरच बोलायचं ठरलं होतं.

मुलगी ठाण्यात येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी मुलगा उचलला गेला, वस्तीला एवढं पुरलं. तिला सगळे 'खबरी' म्हणू लागले. हॉलमध्ये जाऊन 'हिनं तोंड उघडलं नाही, मीच शब्द मोडला' एवढंच मला सांगायचं होतं. तपासाची माहिती उघड करायची नसते, अशी स्वतःची समजूत घालून मी गप्प राहिलो. पुढच्या शनिवारी डबा रिकामा राहिला. अमरावतीच्या कार्यक्रमात मी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत होतो. तिचं नाव दोनदा पुकारलं, कोणी उठलं नाही.

आता मी अमरावतीतच राहतो. त्याच बाई इथंही वर्ग घेतात. मध्यंतरी धीर करून गेलो. बसायचं असेल तर लिहावं लागेल, असं त्यांनी बजावलं. मी ही सगळी हकीगत लिहिली आणि डब्यात टाकली. एका मुलीनं ती उचलली आणि खणखणीत आवाजात वाचली. मग मागून एका पोरानं विचारलं, "मंग ह्या साहेबानं त्या पोरीले जाऊन माफी मांगतली काय?"

कागद कोणाचा, हे नियमाप्रमाणे कोणीच विचारलं नाही. अकोला इथून दोन-अडीच तासांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.